एसडीएससाठी (केमिकलची सेफ्टी डेटा शीट) सापेक्ष घनता लॅबमध्ये कशी मोजायची, आणि सेफ्टीत तिचा उपयोग काय?

एमआयडीसीतल्या क्यूसी लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून जे हाताने करतो तेच सांगतो. एसडीएसच्या सेक्शन ९ मधला हा आकडा, म्हणजे माल तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड, तो पुस्तकातून उचलला तर चालेल का असं तुम्ही विचारलंय. शुद्ध सॉल्व्हंट असेल तर ठीक आहे, पण मिक्श्चर किंवा रिकव्हर केलेला माल असेल तर स्वतः मोजाच.

२५ मिलीची एसजी बॉटल (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बॉटल, बुचाला बारीक भोक असलेली काचेची बाटली) घ्या, सुकवून रिकामी वजन करा, मग उकळून गार केलेलं डिस्टिल्ड वॉटर भरून, मग परत सुकवून तुमचा माल भरून, दोन्ही वेळा २० अंशाच्या बाथमध्ये अर्धा तास ठेवून. बॉटल नेहमी मानेला धरा, पोटाला नाही, कारण हाताच्या उबेने द्रव फुगतो, बुचाच्या बारीक भोकातून थेंब वर येतो आणि आपण तो टिश्यूने पुसून टाकतो, की तेवढा माल वजनातून गेला. आत बुडबुडा राहिला तरी आकडा बिघडतो. समजा पाणी २४.९५ ग्रॅम मावलं आणि क्लोरोबेन्झीन २७.६५, तर भागाकार १.१०८. ओईसीडीच्या १०९ नंबरच्या गाइडलाइनमध्ये तुलना ४ अंशाच्या पाण्याशी आहे, म्हणून ०.९९८२ ने (२० अंशाच्या पाण्याची घनता) गुणा, १.१०६ येतं.

आता सेफ्टी. टोल्युइन ०.८७, म्हणजे पाण्यावर तरंगतं, पेटलेल्या टोल्युइनवर पाण्याचा फवारा मारला तर जळतं सॉल्व्हंट पाण्यावरून गटारापर्यंत जाऊ शकतं. एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) १.३३, सांडलं की सम्पच्या (सांडलेलं जमा होणाऱ्या खड्ड्याच्या) तळाशी बसतं आणि वरून बघणाऱ्याला नुसतं पाणीच दिसतं.

आमच्याकडे एकदा क्लोरोबेन्झीनच्या बॅचला ब्राइन वॉश (मिठाच्या पाण्याने धुणं) होता. क्लोरोबेन्झीन पाण्यापेक्षा जड म्हणून खालचा लेयर मालाचा असं सगळ्यांनी धरलं, पण सॅच्युरेटेड ब्राइनची घनता १.२ च्या आसपास असते, त्यामुळे माल वर होता. खालचं ब्राइन ड्रममध्ये भरलं आणि माल ईटीपीकडे (सांडपाणी प्रक्रिया प्लांटकडे) सोडला. वास आला म्हणून वेळेत व्हॉल्व्ह बंद झाला, नाहीतर २८-२९ अंश फ्लॅश पॉइंटचं (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते ते) सॉल्व्हंट उघड्या टाकीत, तेही मे महिन्यात, विचार करूनच अंगावर काटा येतो. म्हणून फक्त मालाची नाही, त्याच्यासोबत रिॲक्टरमध्ये जे पाणी असेल त्याचीही घनता मोजा, आणि व्हॉल्व्ह उघडायच्या आधी सॅम्पल काचेच्या जारमध्ये घेऊन त्यात पाण्याचे चार थेंब टाका, ज्या लेयरमध्ये ते मिसळून जातील तो पाण्याचा.