आपली गाडी, आपला पाना

प्रश्न : माझी 2018ची बोलेरो पिकअप आहे. आंबिया बहारात संत्री घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात येतो, एरवी मिळेल तो माल. ऑइल बदलून जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तर एका गॅरेजवाल्यानं ऑइल मोजायची गेज पट्टी काढून दाखवली. 'काळं ठिक्कर पडलंय, बदलून टाका,' म्हणाला. आता वाटतं, हे काम आपणच घरी करावं. जमेल का? आणि उन्हाळ्यापुरतं जाड 20डब्ल्यू50 टाकलं तर?
— एक वाचक, काटोल

उत्तर : जमेल हो भाऊ. पिकअप मुळातच उंच, जॅकसुद्धा लावावा लागत नाही. आणि लावलाच, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, हे आमच्या गॅरेजात नव्या पोराला पाना हातात देण्याआधी सांगतो.

आधी त्या काळ्या रंगाचं बघू. डिझेल इंजिनात ऑइल काळं व्हायला पंधरा दिवस कशाला, काटोल-कळमना दोन फेऱ्या पुरतात. डिझेल जळताना काजळी होते. ती धुऊन काढायची आणि खाली बसू न देता तरंगत ठेवायची, हे ऑइलचंच काम आहे. काळं झालं म्हणजे ते काम करतंय. काही जण बोटांत चोळून 'पातळ झालं' असा निकाल देतात. गरम ऑइल बोटाला पातळच लागणार, बाप्पा!

मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा पाळायचाच, पण तुमच्या धंद्याला तो एकटा पुरत नाही. हंगामात कळमन्याला गाड्यांची रांग लागते. गाडी चालू ठेवून तुम्ही इंचाइंचानं सरकता. मीटर जागच्या जागी, इंजिन मात्र चालूच, आणि काजळी त्याच ऑइलात. त्यात गाडी भरून वाहिलेली, वर धूळ. म्हणून बहाराच्या दिवसांत आकडा गाठायची वाट बघू नका, आधीच बदला. रांगेत चावी बंद केलीत तर ऑइल आणि डिझेल दोन्ही वाचेल.

20डब्ल्यू50 नको. नागपूरचा मे 45 अंशांच्या पुढे जातो हे खरं, पण इंजिनाच्या आतलं ऑइल त्याहून कितीतरी गरम असतं, अगदी डिसेंबरातही. समजा डब्यावर 15डब्ल्यू40 लिहिलंय, तर त्यातला 40 हा ऑइल 100 अंशांना किती जाड राहतं ते सांगतो. 15 थंडीतल्या स्टार्टचा आहे, आणि आपल्याकडची थंडी 15 च्या ऑइलला काहीच नाही. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड छापला असेल तोच आणा, डब्यावर डिझेल इंजिनाचं मानांकन बघून, पक्क्या बिलाच्या दुकानातून. रिकामा डबा भंगारात देताना कापून द्या, नाहीतर त्यातच कुणीतरी भलतंसलतं भरून परत विकतो.

आता काम. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा. ऑइल कोमट हवं, उकळतं नको. वरची ऑइल कॅप उघडा, खाली घमेलं ठेवा. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट रिंग पान्यानंच सोडा. फिक्स पान्यानं नटाचे कोपरे झिजले की पुढच्या वेळी छिन्नी-हातोडा आलाच. ऑइल थेंब-थेंब होईपर्यंत थांबा. नटाचा वायसर नवा घाला, नट आधी हातानं आट्यात बसवा, मग पाना लावा. पाइप घालून जोर काढू नका. चेंबरचे आटे गेले तर तुम्ही वाचवलेली मजुरी कितीतरी पटीनं परत द्याल.

फिल्टरपाशी मात्र घाई नको. डब्यासारखा, फिरवून काढायचा फिल्टर असेल तर जुना काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनाच्या तोंडालाच चिकटून राहू शकते. काळ्यावर काळी, डोळ्याला दिसत नाही. तिच्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रिंगा एकावर एक बसतात. गाडी अंगणात ठीक वाटते आणि रस्त्यावर दाब आला की ऑइल फेकते. कपड्यानं पुसून, बोट फिरवून, जुनी रिंग हातात आली याची खात्री करा. नव्या रिंगेला बोटभर ऑइल चोळा, फिल्टर हातानं टेकेपर्यंत फिरवा, मग साधारण पाऊण फेरा. पाना नको.

मग मॅन्युअलमध्ये दिलंय त्याहून थोडं कमीच ओता, मिनिटभर इंजिन चालवा, ऑइलचा लाल दिवा विझतो का बघा. बंद करून दहा मिनिटांनी गेज पट्टी बघा आणि दोन खुणांच्या मध्ये येईल इतकं भरा. 'थोडं जास्तच असू दे' हा आपला स्वभाव इथे आवरा. ऑइल जास्त झालं की क्रँक त्याला घुसळते, फेस होतो, आणि फेसानं बेअरिंगला वंगण मिळत नाही.

काढलेलं ऑइल कातडीला वाईट, हातमोजे घाला. सेंट्रिंगवाले पाट्यांना लावायला मागतील, कुणी वाळवीसाठी खांबांना फासा म्हणेल. देऊ नका, फासू नका. नालीत तर मुळीच नको. नागपूरच्या नाल्या नाग नदीला मिळतात, नाग कन्हानला, आणि ते पाणी पुढे गोसीखुर्दला जातं. बंद डब्यात भरून परवानाधारक जुनं ऑइल घेणाऱ्यालाच द्या.

प्रश्न : माझी बीएस-6 पिकअप वाडीच्या गोदामातून शहरात माल पोचवते. ऑइल न घालता गेज पट्टीवर पातळी वाढलेली दिसते. हा काय प्रकार?
— एक वाचक, वाडी

उत्तर : ते बहुधा डिझेल आहे. तुमच्या गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, असेल, तर अडकलेली काजळी जाळायला इंजिन मधून मधून जादा डिझेल सोडतं. छोट्या फेऱ्यांत ते जाळणं अर्धवट राहतं आणि उरलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरात उतरतं. पट्टीला डिझेलचा वास येतो का बघा. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असेल तर गाडी उभी करा, ऑइल बदला, मगच चालवा. डीपीएफचा दिवा लागला की अमरावती रोडला गाडी घाला आणि दिवा विझेपर्यंत एका लयीत चालवा. मध्येच बंद करू नका. ऑइल डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच घ्या. काजळी जळून जाते, राख जळत नाही, जाळीतच साचते. वॉरंटी चालू असेल तर घरी हात लावू नका, अधिकृत सर्व्हिसला न्या आणि बिल जपून ठेवा.