बंब किती ते सोडा, पाणी कुठनं भरणार ते विचारा

प्रश्न : नमस्कार सर, मी सांगलीत गणपती पेठेत राहतो, खाली दुकान वर घर. मे २०२५ मधे सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून ८ माणसं गेली, तेव्हापासनं डोक्यात एकच चालूये, असं आपल्याकडं झालं तर आपल्या फायर ब्रिगेडकडं तेवढं सामान आहे का? आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात उंच शिडीवाली गाडी घेतली की झालं. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : नमस्कार दादा. शिडी पाहिजेच, साध्या बंबावरची शिडी दोनतीन मजल्यांपर्यंत पोचते आणि आता विश्रामबागेकडं बघा केवढ्या बिल्डिंगा झाल्यात. पण तुमच्या पेठेत ती गाडी वळणारच नाही, तिथं ती असून नसून सारखीच. सोलापुरातली माणसं कारखान्याच्या आवारातच राहत होती, पहाटे झोपेत सापडली, तिथं कमी पडले ते बाहेर पडायचे रस्ते. तुमच्या घराचा जिना दुकानातनंच वर जातो का ते आधी बघा, जात असेल तर दुसरी वाट आजच शोधा.

आता पाण्याचं. मोठ्या बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी बसतं, एक होज, म्हणजे पाणी मारायचा पाइप, नीट चालवला की मिनिटाला चारपाचशे लिटर जातं, म्हणजे दहाबारा मिनिटांत टाकी खाली. मार्केट यार्डातलं बारदान किंवा हळदीच्या पोत्यांची थप्पी पेटली तर वरनं कितीही मारा, आत धुमसतच राहतं, पोती ओढून फोडून भिजवावी लागतात, जेसीबी लागतो, हे काम रात्रभर चालतं. तेवढं पाणी कुठल्या हायड्रंटवरनं, म्हणजे बंब भरायच्या रस्त्यावरच्या नळावरनं येणार, तो हायड्रंट चालू आहे का रस्ता करताना डांबराखाली गेला, खासगी टँकरवाल्यांचे नंबर कंट्रोल रूममधे लिहून ठेवलेत का, खरी तयारी ही आहे. कृष्णा शेजारनं वाहते म्हणून निवांत राहू नका, नदीतनं पाणी उचलायला पोर्टेबल पंप आणि घाटावर गाडी उतरायला जागा लागते.

दुसरं म्हणजे बीए सेट, जवान पाठीवर हवेचं सिलिंडर लावून धुरात शिरतात ते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला आग लागली तर भिंतीतला थर्माकोल, पफ (गारवा टिकवायचा फोम) जळून असा काळा धूर होतो की हात दिसत नाही, त्यात गारव्यासाठी वापरतात तो अमोनिया वायू असला तर अजून वाईट. एक सिलिंडर अर्धा तास, पळापळीत त्याहून कमी. म्हणून सेट किती, जादा सिलिंडर किती, भरायचा कॉम्प्रेसर आहे का आणि एका पाळीला माणसं किती, हे माहिती अधिकारात विचारा, १० रुपयांचा अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि एक विचाराच, १९९८ ला सांगली, मिरज, कुपवाड एक महापालिका झाली, तर सांगलीच्या गाड्या कुपवाड एमआयडीसीत गेल्या की मागं सांगलीला काय उरतं?

केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीच्या निकषानं शहरात पाच-सात मिनिटांत बंब पोचायला हवा. संध्याकाळी पेठेत दुतर्फा गाड्या, त्यात फुटपाथवर माल, कसा पोचणार? हे व्यापारी असोसिएशननं मनावर घेतलं तर आठवड्यात सुधारेल, यासाठी कुणाचा निधी लागत नाही. आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यात यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची नि वापरणाऱ्याची आहे, दवाखाना, मंगल कार्यालय, गोडाऊन अशांना दर जानेवारी-जुलैला परवानाधारक एजन्सीचा बी फॉर्म, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो फॉर्म खरा हवा, कागदावर सही आणि छतावरची टाकी कोरडी असं चालणार नाही. भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मधे दवाखान्यात १० बाळं गेली, त्यानंतर तरी मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हे कुणी हलक्यात घेऊ नये.

प्रश्न : दुकानात आग विझवायचं कुठलं सिलिंडर ठेवू? (त्याच वाचकाचा)

उत्तर : एबीसी पावडरचं, आयएसआय मार्कचं, दाराजवळ टांगा, मालाच्या मागं नको. काटा हिरव्यात आहे का महिन्याला बघा, पिन कशी ओढायची ते पोरांना शिकवा. वर स्वयंपाकघरात तेलाची कढई पेटली तर पाणी अजिबात टाकू नका, गॅस बंद करून वर झाकण ठेवा. आणि पेटलं की आधी १०१ लावा, स्वतः विझवून बघू मग सांगू असं करू नका.