अंधारात वाजलं पाहिजे

पोरी,

परवा तू ऐरोलीची गाडी पकडायला पळालीस आणि मी तुझ्या त्या यादीचाच विचार करत बसलो. मोबाइलवर चौदा ड्रम मशीनची, म्हणजे ठेका वाजवणाऱ्या यंत्रांची, नावं, प्रत्येकापुढे किंमत, आणि किमतीपुढे तुझंच प्रश्नचिन्ह. सहा महिने रोज रात्री व्हिडिओ बघतेस म्हणालीस. ठेका मात्र एकही बांधला नाहीस, हे मी विचारल्यावर सांगितलंस, तेही चहाच्या कपात बघत.

"हिंमत धर, जमेल" असलं मी काही लिहिणार नाही. जमेल हे तुला ठाऊक आहे, म्हणून तर पगारातून पैसे बाजूला काढलेस. मी एकच सांगतो. यंत्र अंधारात वाजलं पाहिजे.

हसू नकोस. सव्वीस वर्षं मी बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड, म्हणजे काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, वाजवला. चेंदणी कोळीवाड्यातून टेम्पो निघायचा, हळद कधी घणसोलीला, कधी गोठिवलीला. मागे जनरेटरचा धूर, मांडवातली लाइट आहे तर आहे. पॅड आठ. ढोलकी कुठे, टिमकी कुठे, टाळी कुठे, ते हाताला माहीत. नजर नवऱ्याच्या मामावर, कारण चाल बदलायची खूण तोच करणार. मान खाली घालून पॅडकडे बघणारा वादक त्या गर्दीत दोन गाण्यांपलीकडे टिकत नसे.

माझ्याकडे तेव्हा रोलंड कंपनीचं टीआर-707 हे ड्रम मशीन होतं, एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनं घेतलेलं. जवळजवळ प्रत्येक आवाजाला स्वतःची सरकपट्टी, खाली सोळा बटणं, एकेक बटण म्हणजे ठेक्याची एकेक पायरी. बेसची, म्हणजे मोठ्या ढोलाची, पट्टी कुठे, हायहॅटच्या झांजेची कुठे, बोटांना पाठ. 2003 मध्ये ते मी विकलं. का, तर सगळ्यांकडे मोठे वर्कस्टेशन कीबोर्ड आले होते, त्यात शेकडो आवाज, मोठा पडदा. कर्ज काढून मीही घेतला. पहिल्याच हळदीला मामाने खूण केली आणि मी मेन्यूत. एका पानातून दुसऱ्या पानात, तिथून तिसऱ्या. ढोलकीवाल्याने एकट्याने चार मिनिटं किल्ला लढवला. त्या रात्री मला कोणी काही बोललं नाही, पण पुढच्या सुपारीला दुसऱ्या पोराला बोलावलं.

तर आता तुझी यादी. प्रत्येक नावासमोर एवढंच विचार: दिवा मालवल्यावर बेस ड्रम कमी करता येईल का? एका बोटात? की आधी आवाज निवडा, मग पान उलटा, मग गोल बटण फिरवा?

कोर्गचं व्होल्का बीट्स तुझ्या यादीत सगळ्यात वर आहे. 2013 पासूनचं यंत्र, दहा आवाज, सहा पेन्सिल सेलवर चालतं, ट्रेनमध्येही मांडीवर घेऊन बसशील. त्याची पायऱ्यांची बटणं मात्र बटणं नाहीत, सपाट पट्टी आहे. बोटाला काही लागत नाही. बघूनच दाबावं लागतं. आणि स्नेअर, म्हणजे कडक वाजणारा छोटा ड्रम, पत्र्याच्या डब्यासारखा. स्वस्त आहे म्हणून घेऊ का, विचारलंस. बजेट तेवढंच असेल तर घे, नाक मुरडणार नाही. पण माझ्या परीक्षेत ते काठावर पास.

बेरिंजरचं आरडी-6 हे रोलंडच्या जुन्या 606 वरून बेतलेलं. दाबलेली कळणारी बटणं, आवाजांना स्वतंत्र नॉब. मेन्यू नाहीच. हे पास. आर्टुरियाचं ड्रमब्रूट इम्पॅक्ट जरा महाग, पण दहा आवाज, आवाज वेगवेगळे बाहेर काढायला चार भोकं, आणि एक ठेका 64 पायऱ्यांपर्यंत. यादीतली खालची चार तर पडदेवाली आहेत. खोड ती नावं.

एक गोष्ट व्हिडिओत कोणी सांगणार नाही. ही सगळी यंत्रं सोळाच्या हिशेबात जन्मली, म्हणून सगळे चार-चारचा धपधपाट करतात. तू आठ वर्षं पेटी शिकलीस ना? मग व्होल्कामध्येही अॅक्टिव्ह स्टेप म्हणून सोय आहे, नको त्या पायऱ्या गाळता येतात. शेवटच्या दोन गाळ. उरल्या चौदा. एका मात्रेला दोन पायऱ्या धरल्या की सात मात्रांचा रूपक. पण पहिल्या बटणावर बेस ठोकू नकोस, रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'ची असते, तिथे जोर नसतो. बेस सातव्या आणि अकराव्या पायरीवर टाक, म्हणजे दोन्ही 'धी' जिथल्या तिथे. पहिल्यावर नुसती बारीक हायहॅट. दहा मात्रांचा झपताल हवा तर वीस पायऱ्या लागतात, तिथे ड्रमब्रूट. हे करून बघितल्याशिवाय मला "काही सुचत नाही" म्हणायचं नाही.

स्वस्त म्हणजे दुय्यम, हेही मनातून काढ. 1980 मध्ये खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेलं लिन एलएम-1 हे ड्रम मशीन आलं, किंमत सुमारे 5,000 डॉलर. मेमरी महाग होती म्हणून. त्याच वर्षी रोलंडने 808 काढलं 1,195 डॉलरला, त्यात साठवलेला आवाज एकही नाही, सगळे सर्किटमधून तयार होणारे. लोक म्हणाले, हा काय ड्रम आहे? 1983 ला बंद पडलं. मग सेकंड हँड बाजारात पडेल भावाने गेलं, आणि ज्या पोरांकडे पैसे नव्हते त्यांनी उचललं. आज जो बूम तुझ्या रिक्षावाल्याच्या स्पीकरमध्ये घुमतो, तो तिथला.

आता तू वाद घालणार. तूच म्हणालीस, "काका, रोलंडचं ते बेसचे सूर वाजवणारं 303 तर अंधारात काय, उजेडातही कळत नाही, स्वर वेगळे भरायचे, लय वेगळी भरायची." खरं आहे. आणि आपल्या मुंबईच्याच चरणजित सिंगांनी 1982 मध्ये त्याच 303 वर, 808 आणि ज्युपिटर-8 हा सिंथ, म्हणजे विजेवर सूर तयार करणारा कीबोर्ड, जोडीला घेऊन, दहा राग बसवले, शिकागोच्या, नाचाचं संगीत करणाऱ्या पोरांना ते यंत्र गवसायच्या आधी. याचं उत्तर मी दोन दिवस शोधतोय. माझं म्हणणं असं की त्या माणसाचे हात आधीच तयार होते. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये आयुष्य घालवलेला वादक, त्याला कुठलंही यंत्र चालतं. तुला नाही चालणार. मलाही चाललं नाही.

सिंथची घाई कशाला करतेस? आधी चार महिने फक्त ठेका. मग एका वेळी एकच सूर वाजवणारा सिंथ घे, कोर्गचा मोनोलॉग मिळाला तर उत्तम. पंचवीस कळा, नॉबच नॉब, आणि त्यात स्वर आपल्या मापाने लावता येतात. गंधार जरा उतरवून बघ, पेटीवर जे कधी मिळालं नाही ते मिळेल. आर्टुरियाच्या मायक्रोफ्रीक सिंथमध्ये आवाजांचं भांडार मोठं आहे, मान्य, पण कळा पुन्हा सपाट. बोटाला काय सांगणार त्या?

तू म्हणशील, काका जुन्या काळात अडकले, लॅपटॉपला घाबरतात. घाबरत नाही. माझ्या मुलाने घरी बसवून दिलाय, येतो मला. पण त्यावर काम करताना मी बघतो, ऐकत नाही. रंगीत चौकटी एका रेषेत आल्या की बरं वाटतं आणि गाणं झालं असा भास होतो. माझी सुपारी गेली ती माझ्या हाताच्या चुकीने नाही, हे मला तुला सांगायचंच होतं बहुतेक. हात चांगला होता माझा. कोणालाही विचार कोळीवाड्यात.

असो. जुनं घेणार असशील तर अॅडॉप्टर आधी बघ. जपानहून आलेल्या यंत्राचा अॅडॉप्टर 100 व्होल्टचा असतो, आपल्याकडे 230. मी एकदा एका व्यापाऱ्याच्या शब्दावर तसाच लावला, घरभर वास आणि यंत्राची राख. यंत्राला लागणारे व्होल्ट, अॅम्पियर आणि पिनच्या आत प्लस आहे की मायनस, तिन्ही जुळवून लॅमिंग्टन रोडवरून नवा घे. दोनशे-चारशे रुपयांसाठी जीव खाऊ नकोस. आणि विकणाऱ्याच्या घरी जाऊन प्रत्येक बटण दाबून बघ, डोळे मिटून. तो हसेल. हसू दे.

रविवारी ये. ओळखीच्या एका पोराचं आरडी-6 दोन दिवसांसाठी मागून ठेवलंय. खिडकीला चादर लावतो आणि ट्यूब बंद करतो, तू रूपक बांध. हेडफोन तुझा आण, माझा फक्त डाव्या कानात वाजतो.

तुझा,
काका