आधी छोटी फिल्म बघ, मग पुढचं

प्रायोगिक सिनेमा, म्हणजे सरळ गोष्ट न सांगणारा, कुठून बघायला सुरू करू विचारलंस ना, तर पहिल्याच दिवशी तीन तासांचं काहीतरी लावून बसू नकोस रे, डोकं उठेल आणि मग हा प्रकारच नकोसा वाटेल. माया डेरनची 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' घे, 1943 ची, जेमतेम 14 मिनिटं. चावी, सुरी, फूल, चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली काळ्या कपड्यातली आकृती, हेच परत परत येतं आणि दरवेळी जरा बदलून येतं. अर्थ लगेच शोधू नको, यूट्यूबवरचे एक्सप्लेन्ड व्हिडिओ तर आधी अजिबातच नको, फक्त चावी आत्ता कुठंय आणि जिन्यात कॅमेरा कसा झुलतोय एवढंच बघ आणि लगेच दुसऱ्यांदा लाव. संगीत नंतर जोडलंय, मूळ फिल्म मूक होती, त्यामुळे एकदा म्यूट करूनही बघच.

मग दिग्दर्शक पाराजानोव्ह! 'द कलर ऑफ पोमेग्रॅनेट्स', 1969. आर्मेनियन कवी सायात-नोव्हाचं आयुष्य आहे पण चरित्रपट नाही, संवाद जवळपास नाहीत, कॅमेरा बहुतेक जागचा हलत नाही, प्रत्येक फ्रेम लघुचित्रासारखी सपाट मांडलेली, आणि सोफिको चियाउरेली तरुण कवीही होते आणि त्याची प्रेयसीही. मला याहून सुंदर सिनेमा माहीत नाही. पण मोबाईलवर नको प्लीज, त्यातले लाल रंग मरतात, 2014 ला रिस्टोअर झालेली कॉपी मिळव आणि मोठ्या स्क्रीनवर अंधार करून बघ.

कमल स्वरूपचा 'ओम दर-ब-दर' हिंदी आहे म्हणून सोपा वाटेल, पण तसा नाही, म्हणून तो त्यानंतर.