अमेरिकेतले शेतकरी कार्बन डायऑक्साइडच्या पाइपलाइनला एवढा विरोध का करतात? तो वायू तर आपण श्वासातूनच सोडतो ना?

मी वर्धा जिल्ह्यात कापूस-तूर करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वावरातून गॅसची पाइपलाइन गेली, तेव्हापासून तिकडच्या बातम्या लक्ष देऊन वाचतो.

श्वासातला वायू म्हणून तो निरुपद्रवी, असं नाही. आमच्याकडे जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडतात. विझला तर कोणी उतरत नाही. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, खोलगट जागी साचतो, आणि त्याला ना रंग ना वास. पाइपात तर तो प्रचंड दाबाखाली, जवळजवळ द्रव करून भरलेला असतो. मिसिसिपी राज्यात सटार्शिया नावाचं छोटं गाव आहे. २२ फेब्रुवारी २०२० ला तिथे पावसाने टेकडीची माती सरकली आणि असा पाइप फाटला. सुमारे २०० लोकांना हलवावं लागलं, ४५ जणांना उपचार घ्यावे लागले. जीव कोणाचा गेला नाही. पण पळणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यातच बंद पडल्या, कारण इंजिनालाही प्राणवायू लागतो. गाडी चालणार नसेल तर म्हातारी माणसं घेऊन निघायचं कसं?

तरी माझ्या मते विरोधाचं मूळ भीतीत नाही, जबरदस्तीत आहे. समिट कार्बन सोल्युशन्स या खासगी कंपनीला पाच राज्यांतल्या इथेनॉल कारखान्यांचा वायू सुमारे चार हजार किलोमीटरच्या पाइपलाइनने नेऊन, हवेत सुटू नये म्हणून नॉर्थ डकोटात जमिनीखाली गाडायचा होता. जे शेतकरी करार करेनात, त्यांच्या जमिनीचा हक्क सक्तीने घ्यायची तयारी होती. त्यावर पर्यावरणवाले आणि एरवी त्यांच्याशी कधी न पटणारे शेतकरी एकत्र आले. साउथ डकोटात नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी पाइपलाइनला सोयीचा कायदा फेटाळला, आणि मार्च २०२५ मध्ये अशा पाइपलाइनसाठी सक्तीने जमीन घ्यायला कायद्यानेच बंदी आली. मला याचा फार आनंद झाला.

मातीचं दुखणं तर आपलंच आहे. वरची काळी माती वेगळी ठेवून तशीच परत टाकू, असं आम्हालाही सांगितलं होतं. प्रत्यक्षात खालचा मुरूम वर आला. तो पट्टा आजही लांबून ओळखू येतो, बाकी पऱ्हाटी कमरेला लागते तेव्हा तिथली गुडघ्याएवढी असते. आयोवा स्टेट विद्यापीठाने तिकडच्या एका तेलवाहिनीच्या पट्ट्यात मोजमाप केलं, तर पहिल्या दोन हंगामांत मका सुमारे १५ टक्के आणि सोयाबीन २५ टक्के कमी आलं.

आपल्याकडे तेल-वायूच्या पाइपलाइनसाठी १९६२ चा कायदा आहे. जमीन तुमच्याच नावावर राहते, सरकार फक्त वापरहक्क घेतं. पिकाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई वेगळी, पण या हक्कापोटी मिळतात जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. अधिसूचना निघाल्यापासून हरकत घ्यायला २१ दिवस असतात. आमच्या गावात बऱ्याच जणांना ती निघाल्याचं मोजणीवाले धुऱ्यावर उभे राहिले तेव्हाच कळलं, म्हणून तुमच्या भागात कुठे मोजणी दिसली तर आधी तलाठ्याला तारीख विचारा.

त्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही, विहीर खोदता येत नाही. आमच्या बाबांना पाणाड्याने दाखवलेली विहिरीची जागा नेमकी त्याच पट्ट्यात आहे. आमचं वावर अजून कोरडवाहूच आहे.