माझा मित्र म्हणतो, अमेरिकी लष्करात पिस्तुलाची पात्रता परीक्षा फार कठीण असते. खरंच इतकी कठीण असते का?

तुमचा मित्र म्हणतो तितकी नाही. नुसतं पास व्हायचं असेल तर सोपीच म्हणा.

लष्कराच्या कॉम्बॅट पिस्तूल कोर्समध्ये ३० वेळा निशाणा वर येतो आणि सैनिकाला गोळ्या मिळतात ४०. म्हणजे एक हुकली तर निशाणा खाली जायच्या आत दुसरी झाडायची मुभा. ३० पैकी १६ लागले की पास, त्यावरचे दर्जे म्हणजे २१ ला शार्पशूटर, २६ ला एक्सपर्ट. निशाणा साधारण मीटरभर उंच आणि अर्धा मीटर रुंद, अंतर ७ ते ३१ मीटर. गोळी छातीत लागो की कडेला, गुण एकच.

मी पुण्यात सहा वर्षं १० मीटर एअर पिस्तूल मारलंय. आमचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्यामुळे हे आकडे पहिल्यांदा ऐकून मला हसूच आलं होतं.

पुढे टेक्सासला स्थायिक झालो, ग्रीन कार्ड हातात पडलं, तेव्हा ऑफिसातला एक निवृत्त सार्जंट मला रेंजवर घेऊन गेला. हातात दिलं बेरेटा ९२, म्हणजे लष्कराच्या जुन्या एम९ पिस्तुलाचं भावंडच. १५ मीटरवर कागदी पुतळा. पाचातल्या दोन गोळ्या कागदाबाहेर, बाकीच्या खाली डावीकडे. सहावी त्याने मला न सांगता डमी भरली होती. चाप ओढला, नुसतं टक् झालं. ना आवाज, ना धक्का, तरी नळी चांगली बोटभर खाली गेली! धक्क्याच्या धास्तीने मीच मनगट आधी दाबत होतो.

त्यात चापाची गंमत. एअर पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमवर सुटतो. एम९ चा पहिला ओढा पाच किलोच्या आसपास, दुसऱ्यापासून निम्म्याहून हलका. बोटाला सवय लागते न लागते तोच वजन बदलतं. २०१७ पासून त्याच्या जागी एम१७ पिस्तूल आलं, त्याचा चाप दर वेळी सारखाच, आणि ही कटकट गेली.

पातळी इतकी खाली का? सैनिकाचं खरं हत्यार रायफल. पिस्तूल अडीअडचणीला, सरावही त्याच मानाने. परीक्षेत बघायचं असतं ते माणूस हत्यार सुरक्षित हाताळतो का, मॅगझिन बदलताना गडबडतो का, हे. आपल्याकडे फौजी म्हटलं की विजय कुमार आठवतात, पण २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलात रौप्य मिळवणारा तो माणूस महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये, म्हणजे सेनेच्या खास नेमबाजी पथकात घडलेला. त्याच्या प्रकारासारखं ४ सेकंदांत ५ निशाणे टिपणं हा वेगळाच खेळ आहे.

२६ मात्र चेष्टा नाही. त्या सार्जंटची सगळ्यात चांगली खेप २५ ची. मॅगझिन बदलताना एक निशाणा खाली गेला, आणि तो किस्सा तो अजून प्रत्येक बार्बेक्यूला सांगतो.