क्रिएटिनिन ५.८ आहे, पण त्रास काहीच नाही. फिस्टुलाची घाई कशाला?

वडिलांची किडनी थकलीय, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढलंय, पण त्यांना धड चालता-फिरता येतंय, लघवीही होतेय, तरी डॉक्टर डायलिसिससाठी हातात फिस्टुला करून घ्या म्हणतात, हे पटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मलाही पटलं नव्हतं. पाच महिने टोलवाटोलवी केली. मग एका रात्री माझ्या फुफ्फुसात पाणी साठून अशी धाप लागली की आडवं होता येईना. हातात फिस्टुला नाही, म्हणून मानेतल्या शिरेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. त्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, हुडहुडी भरून ताप आला, तोही दोनदा.

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडायची छोटी शस्त्रक्रिया. ती शीर फुगून सुई घेण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात, कधी जास्तच. फिस्टुला केला म्हणजे डायलिसिस लगेच सुरू होतं असं नाही. पण त्या हाताला रक्त काढायची सुई किंवा सलाईन लावू देऊ नका. बीपीचा पट्टाही दुसऱ्या हाताला.

मशीनवरचं डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पोटाचं डायलिसिस घरी होतं. पोटात नळीवाटे द्राव भरायचा, दिवसातून साधारण चारदा त्याची पिशवी बदलायची आणि हात धुण्याचा आळस अजिबात चालत नाही. प्रत्यारोपणात नवी किडनी ओटीपोटात बसवतात, जुन्या सहसा काढत नाहीत. दाता मिळाला तर डायलिसिसआधीच प्रत्यारोपण होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझं पुढे झालं. आता शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या जन्मभर, एकही डोस चुकवायचा नाही. वय फार असेल, इतर आजार असतील, तर डायलिसिस न करता फक्त त्रास कमी ठेवायचा, हाही डॉक्टरांशी बोलून घेतलेला रास्त निर्णय असतो.

‘किडनी साफ करणारे’ काढे मात्र देऊ नका. भरपूर पाणी पाजून किडनी धुऊन निघेल हाही गैरसमज. लघवी कमी झाली की पाणी मोजूनच प्यावं लागतं.

वडिलांना किडनीचा आजार आहे, म्हणून तुम्ही स्वतः साखर आणि बीपी तपासून घ्या, आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) ही. किडनीचं निम्मं काम बंद पडलं तरी क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. अंगदुखीच्या गोळ्या मनानेच रोज घेऊ नका.

पुढच्या भेटीत वडिलांचा ईजीएफआर (किडनी किती काम करतेय ते सांगणारा आकडा) किती वेगाने घसरतोय ते विचारा, आणि हेपटायटिस बीची लसही. किडनी जितकी थकते तितकी ती लस कमी लागू पडते.